दोरासकट मोजलेला कंपुटर

माही पोरगी आता मले कुठीच मोजाले पाठवत नाई. खिडकीच्या पडद्याचं माप असो का खाटेच्या गादीचं, सोता टेप घेऊन उठते, सोता मोजते अन् मंग दुसऱ्यांदा मोजते. मी बाजूले बसून पाह्यते. तिचं बरोबर आहे.

आमी भांदकच्या पलीकडच्या एका गावचे. भांदक म्हनजे भद्रावती. गाडीच्या पाटीवर भद्रावती लेहलं असते, पन कंडक्टर भांदकच म्हनते. गावाच्या अंगाले मोठी बोडी आहे, म्हनजे तळं. त्या बोडीत मासे पकडाचे, शिंगाडे लावाचे अन् पान्याच्या दिवसात दुसऱ्याच्या बांधीत धानाच्या रोवन्याले जाचं, हेच आमच्या लोकाइचं काम. माहा मानूस पोरगी सातवीत असतानी गेला. जाळं विनाचं काम त्याचं होतं, तो गेला तवा अर्धं जाळं खुंटीले टांगलेलं होतं. ते मी पुरं केलं. मंग विनतच राह्यली. शाळेत मी दुसरीपर्यंत गेली, तेबी बोडी आटली का शाळा अन् बोडी भरली का मासे, अशी.

पोरगी दीड वर्षाची असतानी तिले ताप आला अन् डावा पाय वाळला. चांद्याच्या म्हनजे चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं, गडचिरोलीकडच्या एका वैदूकडं नेलं, मार्कंड्याच्या जत्रेत देवाले नवस केला. पाय तसाच राह्यला. पाय नसला तं मानूस मरत नाई, पन आमच्या इकडं काम मिळत नाई. चिखलात उभं राहून रोवना कराचा तं दोन पाय पाहिजे. डोक्यावर माशाची टोपली घेऊन बाजारात जाचं तं दोन पाय पाहिजे. बाईमानसानं बसून कराचं काम एकच होतं, जाळं विनाचं. तेबी नायलॉनचे तयार जाळे बाजारात आले तसं बसलं.

म्हनून बारावी झाल्यावर पोरगी म्हनाली का मले भांदकले कंपुटर शिकाचा आहे, तवा मी एकच गोष्ट इचारली.

"बसून करतेत का?"

"बसूनच करतेत, माय."

"मंग शिक."

माही जाऊ शेजारीच राह्यते. तिची जीभ कोयत्यासारखी. ते म्हनाली, "घरात लाईन टिकत नाई अन् हे पोरीले कंपुटर शिकवून राह्यली."

मी म्हनलं, "कंपुटर भांदकले आहे वं, घरात नाई."

"मंग भांदकची लाईन का येगळ्या तारेतून येते?"

येगळ्या तारेतून येत नव्हती. पन मी तिले ते सांगतलं नाई.

सेंटर एसटी स्टँडच्या मांगं होतं, दोन खोल्या अन् सहा कंपुटर. चालवनारा सर जवानच होता, बोलाले फटाफट, मानूस वाईट नव्हता. पोरीचं शिकनं झाल्यावर त्यानं तिले नव्या पोरीइले टायपिंग शिकवाले बसवून घेतलं. खिडकीजवळचं एक टेबल तिले देलं. दोन वर्ष ते त्या टेबलावर बसली. सकाळच्या गाडीनं जाये, संध्याकाळच्या गाडीनं येये. त्या दोन वर्षात पहिल्यांदा कोनी तिले "बिचारी" म्हनलं नाई, "मॅडम" म्हनलं.

मंग त्या सराले चांद्याच्या एका हापिसाचं काम भेटलं. ते हापिस बायकांच्या बचत गटांचं काम पाहे. आमच्या गावचा शिंगाड्याच्या पिठाचा गटबी त्याच्यातच होता. गटाचे कागद अन् पिठाचे पुडे घेऊन दर महिन्यातल्या एका सोमवारी मीच तिथी जात होती, काऊन का बाकी बायका हापिस म्हनलं का घाबरत. तर त्या हापिसाले सगळ्या गटांची वेबसाईट पाहिजे होती. आमचं शिंगाड्याचं पीठ, दुसऱ्या गावचे वाळवलेले मासे, तिसऱ्या गावचे बांबूचे सूप, असं एकेकाचं नाव, एकेकाचा फोटो. पाहनाऱ्यानं दूर बसून पाहाचं.

सरानं ते काम माह्या पोरीले देलं. देतानी म्हनाला, "हे साईट चांद्याच्या साहेबाले पसंत पडली तर तू इथी पक्की. नाई पडली तर मले नागपूरवरून शिकलेला मानूस आनावा लागन. मंग त्याले टेबल लागन."

टेबल कोनतं लागन ते सांगाची गरज नव्हती.

पोरीनं महिनाभर काम केलं. मंग एका सोमवारी मी पुडे घेऊन हापिसात गेली तं साहेबानं मले आत बोलावलं. साहेब पुन्याकडचे, बोलाले शांत.

"बाई, हे तुमच्या मुलीनं केलंय ना? या, बघा."

मी पाह्यलं. कंपुटरच्या काचात डावीकडं गटांचे नावं लेहलेले, उजवीकडं पांढरं, काईच नाई. साहेबानं खाली सरकवलं, अजून खाली सरकवलं, मंग पार तळाशी फोटो दिसले. सगळे एकावर एक, रांगेतल्या लोकाइले कोनी ढकलून देल्यावानी. सुपाच्या नावाजवळ वाळलेला मासा.

"शिंगाडा वर आणि त्याचा फोटो पाताळात," साहेब म्हनाले. "असं नाही चालणार. तिला सांगा."

मी घरी येऊन सांगतलं. पोरगी भाकर थापून राह्यली होती, तिचा हात थांबला.

"माय, माह्याकडं तं बरोबर दिसते."

"मी माह्या डोळ्यानं पाह्यलं."

"मीबी माह्या डोळ्यानंच पाह्यते ना."

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासंगं सेंटरात गेली. खरंच बरोबर होतं. नावाच्या बाजूले फोटो, शिंगाड्याच्या बाजूले शिंगाडा. मले वाटलं साहेब खोटं बोलते का काय, पन मी सोता पाह्यलेलं. मंग पोरीनं तेच साईट त्याच कंपुटरात दुसऱ्या खिडकीत उघडली अन् फोटो धडाधड खाली.

तवा तिनं मले समजावलं. साईट ज्या खिडकीतून पाह्यतेत त्याले ब्राऊझर म्हनतेत. ते एकच नसते, दोन-चार तऱ्हेचे असतेत. सेंटरात तिनं नवा उतरवून घेतला होता अन् सारं काम त्याच्यातच केलं. साहेबाच्या कंपुटरात कंपुटरसंगं आलेला जुना होता. लेहलेलं एकच, पन नवा एक तऱ्हेनं मांडते, जुना दुसऱ्या तऱ्हेनं.

मी म्हनलं, "एकच चिठ्ठी दोघं वाचतेत तं दोन तऱ्हेनं कसे वाचतेत?"

"मी लेहते, फोटोच्या बाजूले काठापासून दहा जागा सोड. नवा दहा सोडते. जुना वीस सोडते."

"काऊन?"

"मले नाई मालूम काऊन. कोनालेच मालूम नाई. नेटवर मोठमोठे शिकलेले लोक त्याले शिव्या देऊन राह्यले."

"मंग?"

"मंग जुन्यानं वीस जागा खाल्ली का फोटोले जागा उरत नाई, अन् तो खाली उतरते."

हे मले समजलं. एसटीत तीन जनीची सीट असते. काठावरची बाई पसरून बसली का तिसरीले उभं राहा लागते. सीट तेवढीच, बायकाबी तेवढ्याच. एकीच्या पसरन्यानं सारं बिघडते, अन् कंडक्टर वरडते ते उभ्या राह्यलेल्या बाईवर.

त्याच्यापुढचे दिवस कसे गेले ते मी काय सांगू. पोरीनं जुन्यासाठी जागा कमी केली, तं नव्यात फोटो एकमेकाच्या अंगावर गेले. नव्यात नीट केलं तं जुन्यात खाली पडले. जुन्यात वर आनले तं नावाचे अक्षरं फोटोखाली दबले. इकडून दाबलं का तिकडून फुगे. त्यात लाईन. दुपारी जाये तं चार घंटे येत नसे. लाईन आली का नेट लागत नसे. नेट लागलं का सेंटरात कोनाचा तरी फोन येये अन् नेट तुटे, काऊन का फोनची तार एकच. एकदा दिवसभराचं केलेलं काम लाईन जातानी घेऊन गेली. त्या दिवशी ते घरी आली, पायरीवर बसली अन् चप्पल काढाचीबी तिले सुधरली नाई. मीच काढली.

जाऊ कुंपनावरून म्हनाली, "काय झालं वं हिले?"

मी म्हनलं, "फोटो पडतेत म्हनते."

"पडतेत तं उचलून भात लावून चिपकवा म्हना. माह्या पोराच्या लग्नातला फोटो मी तसाच चिपकवला, अजून पडला नाई."

पोरगी तेवढ्यात हासली. मले त्या जावेचा राग येत नाई तो त्याच्यामुळंच.

पन सरानं हासनं बंद केलं होतं. तो दर दोन दिवसानं टेबलाजवळ उभा राहून म्हने, "तीन फोटो एका रांगेत बसवाचे आहेत, मॅडम. गड बांधाचा नाई." पोरगी मान खाली घालून म्हने, "हाव सर." त्याच्या बोलन्यात खोट काई नव्हती, तेच तं दुखे. तीन फोटोच तं होते. रोवना केला तं संध्याकाळी बांधी हिरवी दिसते, मालक पाह्यते, म्हनते झालं काम. जाळं विनलं तं हातात धरून दाखवता येते. हे काम असं का दिवसभर मरमर केल्यावर फोटो जिथी असाले पाहिजे तिथीच दिसते. मंग पाहनारा म्हनते, यात तुमी केलं काय? मी आयुष्यभर खूप काम केलं, पन असं बेइमान काम पाह्यलं नव्हतं.

एकदा मी तिले म्हनलं, "सोड ना पोरी. होत नाई तं नाई."

ते म्हनाली, "सोडून कुठी जाऊ? रोवन्याले?"



मंग एका दिवशी ते सकाळच्या गाडीनं गेली अन् दुपारच्याच गाडीनं परत आली. मले वाटलं काढलं हिले. पन ते हासत होती, तिले नेटवर एक उपाय सापडला होता. मी शिंगाडे सोलत होती, ते बाजूले येऊन बसली.

"माय, जुन्यासाठी येगळी चिठ्ठी लेहता येते. ते चिठ्ठी अशी असते का फक्त जुनाच वाचते. नवा ते उघडूनच पाहात नाई. नव्याचं त्याच्यापाशी, जुन्याचं त्याच्यापाशी."

"म्हनजे तुह्या आजीचा भात."

तिनं जरा इचार केला अन् म्हनाली, "हाव, तसंच."

माह्या सासूचे दात गेलते. सगळ्याइचा भात मोकळा होये, तिच्यापुरता लहान गंजात येगळा, गिजगिजा. ते गंज दुसरं कोनी हातात घेत नसे. सासू मरेपर्यंत आमच्या चुलीवर दोन भात शिजले. आता दोन भात म्हनजे दुप्पट लाकडं, दुप्पट काम, पन म्हताऱ्या मानसाले दात कुठून आनून देता? जुन्या ब्राऊझरचंबी तसंच. तो सुधरनार नाई, साहेब तो काढनार नाई, तं आपनच दोन चुली पेटवाच्या.

आठ दिवसात तिनं ते बसवलं. सेंटरातल्या कंपुटरात जुना उघडा का नवा उघडा, शिंगाड्याजवळ शिंगाडा. सर म्हनाला, "हे पहिलेच कराचं होतं ना." पोरगी म्हनाली, "हाव सर."

पन पोरीच्या मनात एक शंका राह्यली. तिनं म्हनलं का साईट काचाच्या रुंदीवर पसरते. सेंटरातले काच मोठे आहेत, तीन फोटो आरामात बसतेत. साहेबाचा काच लहान असला तं तिसऱ्या फोटोले जागा पुरनार नाई, अन् तो पुन्हा खाली जाईन. तिनं हापिसात फोन लावून इचारलं. ज्यानं उचलला तो म्हनाला, "कंपुटर जेवढा असतो तेवढाच आहे."

सर म्हनाला, "तुमी कायले एवढं डोकं लावता? मोठाच असन, सरकारी आहे."

पोरगी घरी येऊन मले म्हनाली, "माय, तू सोमवारी पुडे घेऊन जाशीन ना, तवा साहेबाच्या कंपुटरचं माप घेऊन ये. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, तिरपं. काचाचं."

काचाचं म्हनलं होतं तिनं. मी खोटं बोलत नाई, ते तसंच म्हनाली होती.

मी जाळ्याचा धागा घेतला. टेप माह्याकडं नव्हता, अन् असता तरी त्याच्यावरचे आकडे मले भराभर वाचता येत नाई. धाग्याले गाठ मारली का माप पक्कं. हापिसात साहेब नव्हते, शिपाई स्टुलावर बसून होता. मी कंपुटरजवळ गेली अन् धागा लावला.

"काय करता जी बाई?"

"माप घेते."

"झबलं शिवता का त्याले?"

"पोरीनं सांगतलं."

"घ्या, घ्या. छाती बी घ्या अन् कंबरबी घ्या."

मी त्याच्याकडं ध्यान देलं नाई. नीट, ताठ धागा धरला, सैल नाई सोडला. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत. दोन्हीकडं गाठ मारली. पुन्हा लावून पाह्यलं, बरोबर होतं.

आता हे सांगते ते समजून घ्या. आमच्यात जाळं मोजतेत तं दोरासकट मोजतेत. जाळ्याच्या चारही काठाले जाड दोर असते, तोच जाळं धरून ठेवते. दोर सोडून मधलंच मोजलं तं तो जाळं कमी दाखवाचा चोरटेपना झाला. माहा मानूस म्हने, दोर नाई तं जाळं नाई, नुसती चिंधी आहे. बाहेरगावचे घेनारे येत, आतून मोजत, तवा त्याचं अन् त्याइचं भांडन होये. मीबी तवापासून दोरासकटच मोजत आली. कंपुटरच्या काचाभोवती तो भुरका प्लास्टिकचा चांगला दीड बोटाचा काठ होता. मी तो काठ धरून मोजला. माह्या मनात दुसरं आलंच नाई. हातानं सोताहून काठ धरला.

घरी पोरीनं धागा पट्टीवर ठेवला.

"साडेसतरा इंच भरते, माय. म्हनजे सेंटरातल्यासारखा सतराचा असन. धागा जरा सैल धरला असशीन."

"सैल नाई धरला."

"बरं, बरं. मोठा आहे म्हनजे झालं." अन् तिचा चेहरा असा खुलला का मी अजून काई बोलली नाई.

पुढच्या सोमवारी आमी दोघी चांद्याले गेलो. पोरीनं साईट एका सीडीत भरून घेतली होती, ते सीडी रुमालात बांधून मांडीवर धरली. सर संगं आला नाई. म्हनाला, "पसंत पडली तं फोन कर. नाई पडली तं मले आजच नागपूरले फोन करावा लागन, साहेबानं आता येळ देनार नाई म्हनून सांगतलं आहे."

साहेबानं सीडी घातली, साईट उघडली. मी मांगं उभी होती. डावीकडं नाव आलं. पहिला फोटो आला. त्याच्या बाजूले दुसरा आला. तिसरा खाली पडला.

साहेबानं खाली सरकवून पाह्यलं, पुन्हा वर आनलं, अन् चश्मा काढून ठेवला.

"परत तेच की हो."

पोरगी काचाकडं पाहून राह्यली. मंग तिनं हळूच मान वळवून माह्याकडं पाह्यलं.

"माय, तू कुठून कुठी मोजलं?"

मी बोट लावून दाखवलं. इथून, तिथी.

तिनं डोळे मिटले. बस, एवढंच. वरडली असती तं बरं वाटलं असतं. माह्या जिवाचं त्या टायमाले काय झालं ते मी आजवर कोनाले सांगतलं नाई. ज्या पोरीले मी चिखलातून वाचवाले निंगाली, तिले मीच दीड बोटाच्या काठानं पाडलं.

मी म्हनलं, "साहेब, चूक तिची नाई. चूक माही आहे. मी काठासकट मोजलं."

साहेबाले काई समजलं नाई. "काय मोजलं?"

"तुमचा कंपुटर. मांगच्या सोमवारी. शिपायानं पाह्यलं."

शिपाई दारातून म्हनाला, "हाव साहेब, माप घेतलं जी बाईनं. मले वाटलं झबलं शिवते."

साहेब थोडे हासले, पन घड्याळाकडं पाह्यलं. "हे बघा, मला एक वाजता मीटिंगला जायचंय. मी तुमच्या सरांना मागेच सांगितलं होतं..."

"साहेब," पोरगी म्हनाली, "मले तुमच्या खुर्चीत बसू द्या. एक वाजेपर्यंत."

शिपाई दारातून सरळ आत आला. त्या खुर्चीत दुसरं कोनी बसलेलं त्यानं पाह्यलं नसन. साहेबानंबी जरा येळ घेतला. मंग उठले.

"बसा. एकपर्यंत."

पोरगी भिंतीले हात लावत टेबलाच्या त्या बाजूले गेली अन् बसली. बसल्यावर तिचा पाय दिसत नाई. पहिले तिनं माह्यापुढं हात केला. "धागा दे." धागा माह्या कमरेच्या पिशवीतच होता. तिनं तो काचावर लावला, काठ सोडून, नुसत्या काचावर, अन् तिसरी गाठ मारली. जुन्या गाठीत अन् नव्या गाठीत माह्या चार बोटाएवढा धागा उरला.

मंग तिनं ते लेहलेलं उघडलं. सारे बारीक बारीक इंग्लिश अक्षरं. कुठी एक आकडा खोडे, दुसरा घाले, साईट पाहे. फोटो वर आला, पन अक्षरं दबले. पुन्हा आकडा. अक्षरं निंगाले, फोटो खाली. मी घड्याळ वाचू शकते, साडेबारा झाले होते.

शिपाई माह्या कानाजवळ म्हनाला, "बाई, सोमवारी या टायमाले लाईन जाते."

मी म्हनलं, "गप राहा ना जी."

"जाते म्हनून सांगून राह्यलो."

फोटो लहान केले तं तिन्ही एका रांगेत बसले, पन इतके बारीक झाले का शिंगाडा कोनता अन् सूप कोनतं वळखू येईना. पोरीनं मांगं टेकून पाह्यलं. मंग तिनं तिसरा फोटो काढूनच टाकला अन् दुसऱ्या रांगेत नेला. आता एका रांगेत दोनच. दोन मोठे, साफ. ते सारं तिनं त्या जुन्याच्या चिठ्ठीत लेहलं, नव्याले हात लावला नाई. पुन्हा उघडलं. शिंगाडा, त्याच्या बाजूले मासा. खालच्या रांगेत सूप. सगळ्याइचे नावं आपापल्या फोटोजवळ.

"साहेब, पाहा."

साहेब वाकले. "तीन होते ना?"

"तीन तुमच्या काचात मावत नाई, साहेब. मावले तं दिसत नाई. दोनात साफ दिसते."

साहेबानं खाली सरकवलं, वर सरकवलं. दुसऱ्या गटाचं पान उघडलं, तिसऱ्याचं उघडलं. मी त्याइच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती, काचाकडं नाई.

"ठीक आहे," साहेब म्हनाले. "चालेल. सरांना सांगा माझ्याकडून."

त्या दिवशी लाईन गेलीच नाई. शिपाई म्हनाला, "आजच कशी गेली नाई तं?" त्याले त्याचं वाईट वाटल्यासारखं दिसलं.

पोरीनं हापिसाच्या बाहेरच्या बूथवरून सराले फोन केला. सर फोनमधून काय बोलला ते मले ऐकू आलं नाई, ते फक्त "हाव सर, हाव सर" म्हनत होती. फोन ठेवून म्हनाली, "उद्या ये म्हनाला." म्हनजे टेबल राह्यलं.

परतीच्या गाडीत ते खिडकीजवळ बसली, मी बाजूले. अर्ध्या वाटेवर खिडकीबाहेर पाहतच म्हनाली,

"माय, काठ कोनी मोजते का?"

"जाळ्याचा मोजतेतच."

"कंपुटर जाळं थोडी आहे."

"मले कोनी सांगतलं नाई."

"मी काचाचं म्हनलं होतं."

"म्हनलं होतंस."

भांदक आलं. मी पहिले उतरली, तिले हात देला. तिनं धरला.

ते त्या टेबलावर पुढं कैक वर्ष बसली. दुसऱ्या हापिसांचे, दुकानांचे साईट केले. दर वेळी तेच. कोनाचा जुना, कोनाचा नवा, कोनाचा काच लहान, कोनाचा मोठा, अन् सगळ्याइले आपलाच बरोबर वाटे. नंतर नंतर त्या चांद्याच्या हापिसातबी नवे कंपुटर आले, म्हनजे ते साईट पुन्हा बिघडली अन् तिले पुन्हा बसा लागलं. दोन चुलीच्या तीन झाल्या. कधी कधी ते घरी येऊन पायरीवर तशीच बसे. मी चप्पल काढाले वाके तं म्हने, "राहू दे, काढते मी."

पन मले आठोते तो त्या सोमवारानंतरचा महिना. मी पुडे घेऊन हापिसात गेली. साहेब बाहेर गेलते. शिपायाले कंपुटर लावता येत होता आता, त्यानं साईट उघडून मले दाखवली. शिंगाडा होता. बाजूले मासा होता. खाली सूप. मी बराच येळ उभी राहून पाह्यलं.

शिपाई म्हनाला, "बाई, यात एवढं काय होतं जी? दोन महिने लावले तुमच्या पोरीनं."

मी पुडे टेबलावर ठेवले.

"काई नाई जी," मी म्हनलं. "फोटोच तं आहेत."